आधी तुम्ही करून दाखवा

मी निवृत्त झालो असं लोक म्हणतात, पण ते मला पटत नाही. निवृत्त व्हायला आधी कुठंतरी नेमणूक व्हावी लागते, आणि माझी ती कधी झालीच नाही. बत्तीस वर्षं मी सर्वेक्षणाची कामं केली ती ‘प्रकल्प संपेपर्यंत’ या एकाच अटीवर. प्रकल्प संपला की भास्करराव संपले, नवा आला की पुन्हा जिवंत झाले. त्यामुळे शाल नाही, श्रीफळ नाही, हार घातलेला फोटो नाही. एका संध्याकाळी बायको म्हणाली, ‘आता पुरे.’ तोच माझा निरोप समारंभ.

काम काय, तर लोकांच्या दारात जाऊन नको ते विचारायचं. घरात माणसं किती, संडास आहे का, मुलं किती झाली, पैसा कुठं ठेवता, नवरा हात उचलतो का. एरवी परक्या माणसानं गावात जाऊन एवढं विचारलं तर तो धड परत येणार नाही. माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं म्हणून मला चहा मिळाला. निम्म्या लोकांना मी घरकुल मंजूर करायला आलोय असं वाटायचं आणि उरलेल्या निम्म्यांना वीज तोडायला. मी दोन्ही नाही म्हटल्यावर पहिल्यांचा चेहरा पडायचा आणि दुसरे मला पाणी विचारायचे.

प्रश्न शहरातल्या प्राध्यापकांना पडतात. चालायचं काम आमचं. कोणत्या घरी जायचं तेही आम्ही ठरवत नाही, घरं चिठ्ठीनं निघतात. चिठ्ठीत निघालेल्या घराला कुलूप असलं तर तीनदा जायचं, शेजारच्या घरी विचारून चालत नाही. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा. काही फॉर्मांची नंतर फेरतपासणी होते, म्हणजे दुसरा माणूस जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारतो आणि आम्ही झाडाखाली बसून फॉर्म भरले की काय ते बघतो. सल्ला द्यायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चेहरा कोरा ठेवायचा. समोरचा काहीही बोलला तरी भुवई हलता कामा नये, नाहीतर पुढचं उत्तर तो तुमच्या भुवईकडे बघून देतो.

या कोऱ्या चेहऱ्याचा मला फार अभिमान होता. जिल्ह्यात माझ्याइतका कोरा चेहरा दुसऱ्या कुणाचा नव्हता. बायकोचं म्हणणं, तो घरी आल्यावरसुद्धा उतरत नाही.

दुसरा अभिमान होता खोटं ओळखण्याचा. लोक खोटं बोलतात असं नाही, ते उत्तर जरा घासूनपुसून देतात. बीबी नावाच्या गावाला गुंतवणुकीच्या सर्वेक्षणासाठी गेलो होतो. प्रश्न असा, ‘बचत करता का, केल्यास कशात?’ घरमालक उत्तमराव. त्यांनी प्रश्न संपायच्या आत सांगून टाकलं, ‘काहीच नाही.’ स्वयंपाकघरातून बाईंचा खोकला आला. मी पाणी मागायला आत गेलो. बाई हळूच म्हणाल्या, ‘लिहू नका दादा, पण माझी भिशी हाय. आन् दोन म्हशी कुणाच्या नावानं घेतल्यात ते ह्यांना इचारा.’ फॉर्मवर बँक, पोस्ट, पतसंस्था, सोनं, शेअर असे पर्याय होते. म्हैस नव्हती. मी ‘इतर’वर खूण केली. तेव्हापासून एक गोष्ट शिकलो. खरं उत्तर अडखळत येतं. माणूस छताकडे बघतो, बोटं मोजतो, ‘थांबा हं’ म्हणतो. घासलेलं उत्तर मात्र झटकन येतं, आणि आकडा असला तर गोल येतो.

त्याच उत्तमरावांना मी जोखमीचा प्रश्न वाचून दाखवला. एका योजनेत दरसाल थोडा पण नक्की फायदा, दुसरीत एकतर दामदुप्पट नाहीतर सगळं बुडणार, तुम्ही कोणती घ्याल? उत्तमरावांनी उलट मलाच विचारलं.

‘पहिली कुठं मिळती?’

‘असं समजा की मिळते.’

‘कसं समजू? आमी दर मिरगाला दुसरीच पेरतो. पहिली हाय हे आज तुमच्याकडूनच ऐकलं.’

फॉर्मच्या हिशोबानं ते ‘अतिजोखीम पत्करणारे गुंतवणूकदार’ निघाले. त्यांना हे सांगायची परवानगी नव्हती, नाहीतर गावभर मिरवले असते.

आता मुद्द्यावर येतो. माझं शेवटचं काम एका सरांच्या संशोधनाचं होतं. सरांच्या मनात एक कल्पना होती. जो तरुण पैशाच्या बाबतीत धोका घेतो, तोच तंबाखूच्या बाबतीतही घेत असेल का? म्हणून एकाच फॉर्मात निम्मे प्रश्न गुंतवणुकीचे आणि निम्मे तंबाखूचे. वय अठरा ते एकोणतीस. माझ्या जोडीला नसरीन नावाची मुलगी होती, धाडची, समाजकार्य शिकलेली, माझ्या लेकीपेक्षा लहान. टॅब तिच्या हातात आणि अनुभव माझ्याकडे, असं कामाचं वाटप मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं.

इथं एक कबुली द्यायला हवी. मी स्वतः पस्तीस वर्षं तंबाखू खातोय. आणि नुसता खात नव्हतो, कामात वापरत होतो. आमच्याकडे अनोळखी माणसाशी बोलणं सुरू करायचं तर हवापाण्याचं बोलत नाहीत, पिशवी काढतात. तळहातावर तंबाखू घ्यायची, चुना लावायचा, अंगठ्यानं मळायची, दोन थापा मारायच्या आणि हात पुढं करायचा. समोरच्यानं चिमूट उचलली की तो तुमचा झाला, मग त्याला नवरा हात उचलतो का तेसुद्धा विचारता येतं. माझ्या कितीतरी फॉर्मांवर खरी सही या पिशवीची आहे.

तर खऱ्या कामाआधी फॉर्मची चाचणी घेतात, तिचा पहिला दिवस, नसरीनचंच धाड गाव, बाजाराचा दिवस. चिठ्ठीत एक वेल्डिंगवाला पोरगा निघाला. त्याच्या हातातलं गेटचं काम संपेपर्यंत आम्ही दुकानात बसलो. बसल्या बसल्या माझे हात आपोआप चालू झाले. पोरगा चष्मा काढून आला, तळवा पुढं केला, मी न बघता चिमूट टाकली. त्यानं ती ओठाखाली सरकवली. मग मी घसा साफ करून पहिला प्रश्न वाचला, ‘गेल्या तीस दिवसांत आपण कोणत्याही स्वरूपात तंबाखूचे सेवन केले आहे का?’

पोरगा म्हणाला, ‘आत्ताच केलं ना काका. तुमचीच व्हती.’

नसरीननं टॅब मांडीवर पालथा ठेवला आणि दुपट्टा तोंडाला लावून हसत सुटली. चाचणी असल्यामुळे ते सरांपर्यंत जाणं भाग होतं. सरांचा फोन आला. ‘भास्करराव, तुम्ही आपला नमुना दूषित केलात.’ आजवर मला लोकांनी बरंच काही म्हटलं होतं, प्रदूषण कुणी म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून कामावर पिशवी न्यायची नाही असा हुकूम झाला. मी तो पाळला. बाहेरच्या खिशातली पिशवी आतल्या खिशात ठेवली.

या फॉर्मात शेवटी एक तपासणी होती. दातांच्या एका डॉक्टरांनी प्रशिक्षणात शिकवलेली. हाताची मधली तीन बोटं जोडून उभी धरायची आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये घालायची. चांगल्या तोंडात तिन्ही बोटं आरामात जातात. तंबाखू-सुपारीनं गालाची आतली कातडी आखडायला लागली की तोंड पूर्ण उघडत नाही, मग दोनच जातात, पुढं एक. त्याच्याआधी तिखट सोसेनासं होतं. ज्याची तीन जात नाहीत त्याला दवाखान्याची चिठ्ठी द्यायची, बाकी काही बोलायचं नाही. आणि पुस्तिकेत ठळक अक्षरात होतं, ‘अन्वेषकाने आधी स्वतः करून दाखवावे.’

अन्वेषक म्हणजे आम्ही. मी करून दाखवत होतो. हवेत. बोटं तोंडासमोर धरायची, ‘असं’ म्हणायचं आणि खाली घ्यायची. कुणी हटकलं तर हात धुतलेले नाहीत हे कारण तयार होतं. खरं कारण मला माहीत नव्हतं असं मी बरेच दिवस सांगत आलो. आता कशाला लपवू, माहीत होतं. वर्षभरापासून मी ठेचा बंद केला होता. आमच्या घरात ठेच्याशिवाय भाकरी नाही, आणि मी भाजीतसुद्धा दही कालवायला लागलो होतो. बायकोनं विचारलं तर सांगितलं, ॲसिडिटी. झटकन सांगितलं.

सोनाळ्याला आम्ही पोचलो ते काम संपत आल्यावर. चिठ्ठीत निघालेल्या घरी एक माउली होती. तिनं मुलाच्या दुकानाकडे बोट दाखवलं. मंगेश, वय बावीस, शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं काम. दुकानात तांब्याच्या तारेची भेंडोळी, मधे उघडी मोटार, बाकावर गप्पा हाणणारे दोन मित्र. मंगेशच्या डाव्या गालात तंबाखूचा बार होता. बोलताना ओठ फारसे हलत नव्हते.

पैशाच्या प्रश्नांना त्यानं अशी उत्तरं दिली की मी मनात त्याला मुजरा केला. दर महिन्याला पोस्टात पैसे. आईच्या नावानं वेगळे. बाकावरचा एक मित्र मोबाईलवर कसल्याशा दामदुप्पट योजनेत त्याला ओढत होता, त्याच्याकडे बघत मंगेश म्हणाला, ‘ज्याचं आतलं दिसत नाही त्याच्यात म्या पैसा टाकत नाही काका. मोटारबी उघडून पाह्यल्याबिगर हातात घेत नाही.’ जोखमीच्या प्रश्नावर त्यानं पहिली योजना निवडली, वर विचारलं, ‘त्याच्याहून कमी धोक्याची नाही का?’

मग तंबाखूचे प्रश्न आले. दिवसाला किती पुड्या?

‘कधी कधी.’ झटकन.

तिखटाची आग होते का?

‘नाही बा.’ त्याहून झटकन. वऱ्हाडात तिखट सोसत नाही असं कोण कबूल करील?

सरांची कल्पना तिथंच माझ्या डोळ्यांदेखत मोडली. पैशाच्या बाबतीत फुंकून ताक पिणारा पोरगा, आणि तोंडात मात्र बिनधास्त. मला सरांचं हसू आलं. ते हसताना लक्षात आलं की आपलंही सगळं पोस्टात आहे. शेअर कशाशी खातात ते मला ठाऊक नाही. आयुष्यात मी एकच सट्टा खेळलो, तो तोंडात.

मी बोटं हवेत दाखवली. मंगेशनं बार थुंकला, हात पुसले आणि बोटं घातली. दोन गेली. तिसरं बाहेरच राहिलं. त्यानं मान वाकडी करून पाहिली, मग बोटं काढून पँटला पुसली. नसरीननं त्याला चिठ्ठी दिली. त्यानं ती घडी करून स्क्रूच्या डब्याखाली सरकवली.

‘पाहू,’ तो म्हणाला.

हा ‘पाहू’ मी बत्तीस वर्षं ऐकला आहे. त्याचा अर्थ ‘नाही’.

‘भैया, जरूर जाना,’ नसरीन म्हणाली. तिला नियम माहीत होता, तरी राहवलं नाही.

‘काय झालं बाई मले? तोंडच लहान हाय माह्यं. बापाचंबी असंच होतं.’ मग तो माझ्याकडे वळला. ‘काका, तुमचे किती जातात?’

मी म्हणालो, ‘माझं घर चिठ्ठीत निघालेलं नाही.’

बाकावरचे दोघं हसले. माझा हजरजबाबीपणा बघून मीही खूश झालो. मंगेश हसला नाही.

‘तुम्ही तं हवेत दाखवलं. म्या पाह्यलं. आत काऊन नाही घातले?’

‘हात धुतलेले नाहीत.’

त्यानं कोपऱ्यातल्या माठातून पाण्याचा गडू भरून आणला आणि माझ्यापुढं धरला. ‘धुवा. आधी तुम्ही करून दाखवा. तुमचे तीन गेले तं म्या उद्याच दवाखान्यात जातो. आईची आण.’

आता बघा माझी पंचाईत. जमलं नाही तर मी खोटा, आणि केलं नाही तर हा पोरगा चिठ्ठी स्क्रूच्या डब्याखालीच ठेवणार. उठून निघून जाता आलं असतं, फॉर्म तर पूर्ण झाला होता. पण नसरीन बघत होती. मी हात धुतले, जितका वेळ लावता येईल तितका लावला. मग बोटं घातली. दोन गेली. तिसरं नखापाशी अडलं. मी जोर केला, ओठाची कड फाटेल असं वाटलं, डोळ्यात पाणी आलं, पण बोट जाईना. बाकावरच्या एकानं हातातली पुडी गुपचूप खिशात घातली.

मी भ्यालो होतो. ते माझ्या तोंडावर दिसत असणार, कारण मंगेशचा आवाज एकदम बदलला.

‘काका, आपलं सेमच हाय की.’ मग म्हणाला, ‘कवा जाता दवाखान्यात?’

‘पाहू,’ मी म्हणालो.

शब्द बाहेर पडला आणि मला स्वतःचीच किळस आली. नसरीननं टॅब बंद करून पिशवीत टाकला. ‘पाहू-बिहू कुछ नहीं,’ ती म्हणाली. ‘बुधवारी दोघांनी यायचं. मी जिल्ह्याच्या दवाखान्यात दारात उभी राहीन. काका नाही आले तर मी काकूंना फोन करीन, आणि भैया नाही आला तर त्याच्या आईला.’ सल्ला द्यायचा नाही, प्रभाव टाकायचा नाही, हे सगळं मीच तिला शिकवलं होतं. ती काही शिकली नाही हे बरं झालं.

बुधवारी आम्ही दोघंही गेलो. कागद करताना सिस्टरनं विचारलं, ‘तंबाखू किती?’ मी म्हणालो, ‘कधी कधी.’ मागून मंगेश म्हणाला, ‘ताई, त्यायच्या आतल्या खिशात पाहा.’ मग त्याचा नंबर आला, त्यानंही ‘कधी कधी’च सांगितलं आणि मी त्याचा हिशोब चुकता केला. डॉक्टरांनी दोघांच्या गालात बोट फिरवून बघितलं, पुढच्या तपासण्या केल्या. त्यांनी सांगितलं ते असं. आज कॅन्सर नाही. पण गाल आतून आखडत चाललेत आणि पुढं काय होईल त्याची हमी कुणी देणार नाही. आजपासून पूर्ण बंद केलंत तर आहे तिथं थांबेल, तोंड थोडं सुटेलही. रोज आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवायची. म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी मी आइसक्रीम न खाता काड्या चोखायला लागलो.

घरी बायकोला सांगितलं. ती काही वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, ‘साऱ्या जिल्ह्याच्या घराघरात जाऊन इचारलं. म्याबी तुम्हाले इचारलं होतं, ठेचा काऊन सोडला म्हणून. काय लिवलं तुम्ही माह्या फॉर्मात?’ मला फार लाज वाटली. तिनं त्या दिवसापासून स्वतःच्या भाजीतलंही तिखट कमी केलं.

काम संपलं होतं. मंगेशचं आणि माझं मात्र ठरलं, दर रविवारी फोन करायचा आणि किती काड्या गेल्या ते सांगायचं. तो अकरावर होता, मी दहावर. पहिले काही आठवडे झकास गेले. मी बारावर गेलो, तो तेरावर. रविवारची मी वाट बघायला लागलो. मग माझं बारावरच अडलं. काड्यांची चूक नव्हती, बसस्टँडवरच्या टपरीची होती. त्या रविवारी मी त्याला तेरा सांगितल्या. पुढच्या रविवारी चौदा. शिवाय ‘सोडायची इच्छा पाहिजे, मग काही अवघड नाही’ असा उपदेशही केला. आतल्या खिशात नवी पिशवी होती.

एका रविवारी मी विचारलं, ‘किती झाल्या?’

‘वीस,’ मंगेश म्हणाला.

अडखळला नाही. ‘थांबा हं’ नाही. झटकन, आणि गोल. मी ‘शाब्बास’ म्हणून फोन ठेवला. उत्तर मिळालं की नोंदवायचं, एवढंच माझं काम होतं, आणि इथं तर नोंदवायचंही नव्हतं. जेवायला बसलो, पण डोक्यात तो वीसचा आकडाच होता. बावीस वर्षांचं पोर. अठ्ठावन्नाव्या वर्षी माझं तोंड मिटलं तर बायको म्हणेल, घरात शांतता झाली. त्याचं मिटलं तर?

सोमवारी सकाळी चपला घातल्या. बायकोनं विचारलं, ‘काम आलं का?’ मी ‘हाव’ म्हणालो. दोन गाड्या बदलून दुपारी सोनाळ्याला उतरलो. गळ्यात ओळखपत्र नाही, हातात फॉर्म नाही. या गावाला मी असा मोकळ्या हातानं कधी आलो नव्हतो.

मंगेश मोटारीत तार भरत होता. मला बघून चपापला. ओठ मिटलेलेच ठेवून म्हणाला, ‘काका? पुन्हा सर्वे?’

‘फेरतपासणी. काड्या आण.’

त्यानं फळीवरून काड्यांचा जुडगा काढला. कोपऱ्यात जाऊन थुंकला, चूळ भरली. मग एकेक काडी दातांत रचत गेला. नऊ, दहा. अकरावी जाईना. जिथून सुरू केलं होतं त्याच्याही एक मागं. काड्या हातात घेऊन खाली बघत बसला.

‘बागवाल्याची मोटार जळाली व्हती,’ तो म्हणाला. ‘दोन दिवस एका जागी बसा लागलं. हाताले तार लागली का तोंडाले बार लागते काका. मंग तो सुटलाच नाही.’

‘मोटार गरम व्हायला लागली, आवाज बदलला, तर तू काय सांगतोस शेतकऱ्याला?’

‘लगेच बंद करा. जळाल्यावर आणाल तं म्या काय पाहू.’

‘मग?’

त्यानं हातातल्या काड्या फळीवर ठेवल्या. मला वाटलं, जिंकलो. उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असा विचार करत होतो, तेवढ्यात त्यानं तारेच्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडला, कानावरची पेन्सिल काढली आणि ताठ बसला. माझ्यासारखा घसा साफ केला. आवाजही माझाच काढला.

‘गेल्या सात दिवसांत आपण किती दिवस तंबाखूचे सेवन केले?’

‘एकही नाही,’ मी म्हणालो.

मंगेशची भुवई हलली नाही. इतका कोरा चेहरा मी आरशातसुद्धा पाहिला नव्हता. पेन्सिल पुठ्ठ्यावर टेकलेली, तो नुसता बघत राहिला.

‘काका, लय लवकर बोलले तुम्ही.’

मी छताकडे बघितलं. बोटं मोजली. ‘थांब जरा,’ म्हणालो. ‘दोन.’ मग म्हणालो, ‘नाही, चार. आणि आज इथं येताना गाडी बदलली तिथं एकदा.’

त्यानं लिहिलं. ‘काड्या?’

‘बारा. तेरा कधी गेल्याच नाहीत.’

तेही लिहिलं. खाली स्वतःचं नाव घातलं, सातपैकी सात दिवस, काड्या दहा. पुठ्ठा त्यानं भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. मग माझ्या सदऱ्याकडे बोट केलं.

‘आतल्या खिशातली काढा.’

‘तुझी?’

‘आधी तुम्ही करून दाखवा.’

मी पिशवी काढली. पस्तीस वर्षांत ती किती लोकांपुढं धरली असेल देव जाणे. आता नुसती समोरच्या टेबलावर ठेवायची होती, त्यात काय मोठं, पण माझी मूठ उघडेना. मंगेश थांबला. मी मुठीकडे बघत होतो, तो माझ्याकडे बघत होता. बाहेर एक जीप हॉर्न वाजवत गेली. मला वाटलं, आता हा हसणार.

‘राहू द्या काका,’ तो म्हणाला. ‘म्याच करून दाखवतो.’

त्यानं खिशातून दोन पुड्या काढल्या, माझ्यापुढं टेबलावर ठेवल्या आणि हात मागं घेतला. मग माझी मूठ उघडली.